प्लॉट नावावर करायच्या आधी चूक नावावर करा

आमच्या खान्देशात कापसाचे किंवा केळीचे पैसे हातात आले की माणूस दोनच गोष्टींकडे बघतो, जळगावचं सोनं नाहीतर रोडटच प्लॉट. सोन्याचं मला काही कळत नाही. प्लॉटमध्ये मात्र मी चांगला तोंडावर पडलोय, म्हणून हे लिहितोय.

2019 ला धुळ्याजवळ हायवेपासून थोडं आत एक तुकडा घेतला. मनमाड-इंदूर रेल्वे येणार, इथूनच जाणार, भाव डबल होणार असं जो तो बोलत होता. लेआउट बिआउट काही नव्हतं, शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या आणि एनए (म्हणजे बिगरशेतीची परवानगी) होऊन जाईल भाऊ, काम चालूय असं सांगितलेलं. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली, पैसे दिले, पेढे पण वाटले. नंतर कळलं की तो तुकडा माझ्या नावावर लागूच शकत नाही, सातबारा मूळ मालकाच्याच नावावर आणि त्यात त्याचे 4 भाऊबंद. आईला सांगितलं तर ती अहिराणीत एकच बोलली, जमीन दखाले गयथा का दलालनं तोंड दखाले? म्हणजे जमीन बघायला गेला होतास का दलालाचं तोंड बघायला?

पुढची दोन वर्षं मी भेटेल त्याला दलालाने फसवलं हेच सांगत फिरलो. लोक पण चुचकारायचे, त्याने बरं वाटायचं, पण पैसा एक रुपया परत येत नव्हता. आणि खरं सांगू का, तुकडेबंदीचा कायदा, म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा लहान शेतजमिनीचा तुकडा विकायला बंदी, 1947 चा आहे, काल आलेला नाही. सातबारा ऑनलाइन बघायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा 15 रुपयात मिळतो, म्हणजे मी 15 रुपये आणि अर्धा तास वाचवला आणि साडेतीन लाख अडकवले. दलाल खोटं बोलला हे खरंच आहे, त्याला सोडा असं मी म्हणत नाही, तक्रार करायची तर जरूर करा. पण त्याला दलाली सौदा झाला तरच मिळते, मग तो सौदा मोडायचं कारण तुम्हाला कशाला शोधून देईल? ते शोधायचं काम माझं होतं.

तर पहिलं काम, एक साधी 200 पानी वही घ्या. टोकन द्यायच्या आधी स्वतःच्या हाताने लिहा की ही जागा मी का घेतोय, किती वर्षं पैसे अडकले तरी चालतील, कोणता कागद मी स्वतः पाहिला आणि कोणता फक्त ऐकला. ही ऐकलेल्याची यादी लांब झाली की थांबा. मी 2019 ला लिहिलं असतं तर पाहिलेल्या कागदात फक्त नोटरीचा स्टॅम्प पेपर आला असता.

आता कागदांचं. सातबाऱ्यावर वरती भोगवटादार वर्ग बघा, वर्ग 2 (सरकारच्या अटी असलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. इतर हक्काचा रकाना नीट वाचा, बँकेचा बोजा, कूळ, कोर्टाचा दावा बऱ्याचदा तिथंच निघतं आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) मागे मागे जाऊन बघा, जमीन याच्याकडे आली कशी, बहिणींची नावं कुठं गळाली का, कारण वाटणीतली बहीण 15 वर्षांनी पण कोर्टात उभी राहते आणि तिचं बरोबरच असतं. नंदुरबार, साक्री, शिरपूरकडे घेत असाल तर आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, तिथं शब्दावर जाऊच नका. स्वतः शेतकरी नसाल तर शेतजमीन सरळ घेताच येत नाही हे पण बऱ्याच नोकरीवाल्यांना माहीत नसतं. प्लॉट पाडून विकणारा असेल आणि जागा 500 चौरस मीटरच्या वर आणि प्लॉट 8 पेक्षा जास्त असतील तर महारेराचा (बिल्डर-प्लॉटवाल्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर मागा, आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय 10 टक्क्यांवर पैसे देऊ नका. 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेचे जुने व्यवहार आणि बोजे तपासल्याचा अहवाल) वकिलाकडून घ्या, पण वकील तुमचा पाहिजे, विकणाऱ्याचा नको. हे सगळं एका रविवारी होत नाही, महिना जातो, जाऊ द्या.

जागा बघायला उन्हाळ्यात कोणी पण नेतं. तुम्ही पावसाळ्यात जा, एकटे जा, आमच्या काळ्या मातीत गाडी कुठवर जाते ते बघा, पाणी कुठं साचतं बघा, आणि शेजारच्या शेतात काम करणाऱ्याला विचारा. मला जे तालुक्याला चार चकरा मारून कळलं ते त्या बांधावरच्या बाबाला आधीच माहीत होतं.

पैशाचं थोडक्यात. स्टॅम्प ड्युटी, 1 टक्का रजिस्ट्रेशन (ते जास्तीत जास्त 30 हजार), वकील, मोजणी, कंपाउंड सगळं धरून बजेट काढा. 20 हजार किंवा वरची रोकड व्यवहारात नको, बेकायदेशीर तर आहेच आणि भांडण झालं की पुरावा पण राहत नाही. 24 महिन्याच्या आत विकलं तर नफा तुमच्या नेहमीच्या इन्कममध्ये धरून टॅक्स लागतो, त्यामुळे सहा महिन्यात डबल वाल्यांकडे फक्त चहा प्या. आणि पोरीच्या लग्नाचा किंवा दवाखान्याचा पैसा प्लॉटमध्ये नको, गरजेला प्लॉट लगेच विकला जात नाही, आणि घाईत विकला तर समोरचा तुमची घाई ओळखून भाव पाडतो.

गंमत म्हणजे ती रेल्वे खरंच मंजूर झाली, सप्टेंबर 2024 ला केंद्राच्या मंत्रिमंडळाने मान्यता दिली, 309 किलोमीटर. म्हणजे बातमी खरी निघाली आणि तरी माझ्या हातात शून्य, कारण जागा माझी नव्हतीच. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात पूर्ण उजेड पडला. त्या दिवशी नोटरीच्या कागदाला वहीत चिकटवलं आणि खाली लिहिलं, सातबारा पाहिला नाही, मी. त्यानंतर दलालाला शिव्या देणं बंद केलं आणि मूळ मालकाच्या घरी जाऊन बसायला लागलो, चहावर चहा, भांडण न करता. निम्मे पैसे हप्त्याहप्त्याने परत आलेत, बाकीचे अजून देतो भाऊ मध्ये आहेत.

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भुसावळकडचा एक प्लॉट आला होता. सगळं छान, फक्त अप्रोच रोड नकाशात नव्हता, म्हणून सोडला. ओळखीच्या एकाने घेतला आणि वर्षात चांगल्या भावाने विकला पण. बायको दोन दिवस बोलली नाही. ते पण वहीत लिहून ठेवलंय, रोड नव्हता म्हणून सोडला, आणि पुढच्या वेळी पण नकाशात रोड नसेल तर सोडणारच आहे.