टेक्निकल डायव्हिंगचा कोर्स निवडताना या चुका टाळा

टेक्निकल डायव्हिंग म्हणजे साध्या स्कूबापेक्षा खोल, वर येताना थांबे घ्यावे लागणारं डायव्हिंग. साताऱ्यातून त्याच्या कोर्सची चौकशी करायला फोन लावला की पहिला प्रश्न असतो, फी किती? दुसरा, दिवस किती? मीही हेच विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "चार दिवसांत प्रमाणपत्राचं कार्ड हातात." लगेच पैसे भरले. तीच चूक.

तिसऱ्या दिवशी सहा मीटर खोलीवर पाठीवरच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा सराव होता. मानेमागे हात नेऊन डावा व्हॉल्व्ह चाचपता चाचपता मी नऊ मीटरपर्यंत घसरलो. इन्स्ट्रक्टरने अंगठा-तर्जनी जुळवून 'ओके' केलं आणि पुढचा सराव घेतला. वास्तविक तो सराव तिथेच थांबवायला हवा होता. डेकोसाठी, म्हणजे शरीरातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना घेतलेल्या थांब्यांसाठी, शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरपर्यंतच घेतात. नऊ मीटरवर त्याचा दाब 1.9 बार होतो, मर्यादा 1.6 ची. तोंडात ऑक्सिजन असता तर झटके येऊ शकले असते, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बुडणंच.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: विद्यार्थी सोबत नसताना, स्वतःसाठी शेवटचा डेको डाइव्ह कधी मारलात? आतापर्यंत कितीजणांना कार्ड नाकारलंत? 'एकालाही नाही' असं उत्तर आलं, तर मी दुसरा शोधेन. जमलं तर त्याच्याबरोबर एक साधा डाइव्ह करून बघा. तो पाण्यात स्थिर, आडवा राहतो की सतत हात मारतो, हे पाच मिनिटांत दिसतं. टीडीआय, पाडी की जीयूई, यातली कोणती प्रशिक्षण संस्था चांगली, या वादात महिना घालवू नका. शिकवणारा माणूस जास्त महत्त्वाचा. ट्विनसेटही (पाठीवरची सिलिंडरची जोडी) आधीच विकत घेऊ नका.

"सगळा कोर्स मालवणातच उरकू" असं कुणी म्हणालं तर खोली कुठे मिळणार ते विचारा. तिथला किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ आहे. सरावाला चांगला, 45 मीटरच्या डाइव्हला नाही.

आणि समुद्रावरून परतताना लागणारा घाट. सातारा सुमारे 700 मीटर उंचीवर. वर चढताना हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याबाबत 'डॅन' या डायव्हर्सच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला 600 मीटरपासून पुढच्या उंचीला लागू होतो: अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास, डेको डाइव्हनंतर त्याहून बरेच जास्त. शेवटचा डाइव्ह शनिवारी सकाळी आणि आंबोली घाट रविवारी दुपारी, असं वेळापत्रक इन्स्ट्रक्टर स्वतःहून मांडतो का, ते बघा.