मृदावर्णनांतून निचरा वर्ग वेगळे काढताना या चुका टाळा

अमेरिकेच्या कृषी विभागाने प्रसिद्ध केलेली मृदा मालिकांची, म्हणजे सारखे थर आणि गुणधर्म असलेल्या मातींच्या गटांची, अधिकृत वर्णने वीस हजारांहून अधिक आहेत. त्यांतून प्रत्येक मालिकेचा निचरा वर्ग, म्हणजे माती नैसर्गिकरीत्या किती ओली राहते हे सांगणारा वर्ग, संगणकाने वेचून काढणे वरवर सोपे वाटते, कारण सर्वांत ओल्यापासून सर्वांत कोरड्यापर्यंत मुख्य वर्ग सातच आहेत: 'व्हेरी पुअरली ड्रेन्ड', 'पुअरली', 'समव्हॉट पुअरली', 'मॉडरेटली वेल', 'वेल', 'समव्हॉट एक्सेसिव्हली' आणि 'एक्सेसिव्हली'. मात्र येथे होणारी चूक दिसत नाही. प्रत्येक रकाना भरलेला असतो, फक्त त्यातला वर्ग चुकीचा असतो.

सर्वाधिक आढळणारी चूक शोधाच्या क्रमाची आहे. 'वेल ड्रेन्ड' हे शब्द 'मॉडरेटली वेल ड्रेन्ड'च्या पोटात आहेत आणि 'पुअरली ड्रेन्ड' तर आणखी दोन वर्गांच्या. लहान नाव आधी शोधले, तर मधले वर्ग शेजारच्या वर्गांत विरघळून जातात. म्हणून लांब नावे आधी जुळवावीत आणि जुळलेला मजकूर पुढच्या शोधातून वगळावा. त्याआधी ओळ तुटल्याने विभागलेले शब्द जोडावेत आणि संयोगचिन्हांच्या जागी मोकळी जागा ठेवावी. निकालात 'समव्हॉट पुअरली' एकदाही आले नसेल, तर दोष बहुधा याच क्रमात असतो.

दुसरी चूक संपूर्ण वर्णन एकसारखे चाळण्याची. एका मालिकेच्या वर्णनात स्पर्धक (वर्गीकरणात तिच्याशी मिळत्याजुळत्या) आणि शेजारच्या मालिकांचीही माहिती असते. इलिनॉयमधील ड्रमर ही मृदा 'पुअरली ड्रेन्ड' आहे आणि तिच्या परिसरात किंचित उंचावर आढळणारी फ्लॅनागन 'समव्हॉट पुअरली ड्रेन्ड' आहे. विभाग न पाहता शोधल्यास एकीचा वर्ग दुसरीच्या नावावर सहज जातो. त्यामुळे आधी निचऱ्याचा स्वतंत्र विभाग शीर्षकावरून वेगळा करावा, तेथे काही न सापडल्यास सुरुवातीचा परिच्छेद पाहावा आणि शेजारच्या मालिकांचे विभाग शोधातून पूर्णपणे वगळावेत. शीर्षकाचे शब्दही सर्वत्र सारखे नसतात. काही ठिकाणी निचऱ्यासोबत पारगम्यता येते, तर काही ठिकाणी संपृक्त जलवाहकता, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीतून पाणी वाहण्याचा वेग.

पारगम्यतेवरून वर्गाचा अंदाज बांधणे ही मात्र समजुतीची चूक आहे आणि काळ्या जमिनीत वाढलेल्या आपल्यासारख्यांकडून ती विशेष होते. टेक्सासमधील ह्यूस्टन ब्लॅक ही आपल्या रेगुरसारखीच, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी मृदा. तिची पारगम्यता अत्यंत मंद आहे, तरीही तिचा वर्ग 'मॉडरेटली वेल ड्रेन्ड' असाच दिला आहे. पाणी मातीतून किती वेगाने जाते हे पारगम्यता सांगते. नैसर्गिक स्थितीत माती किती वेळा आणि किती काळ ओली राहते, हे निचरा वर्ग सांगतो. त्याच कारणाने, शेतात चर किंवा नळ्या घालून पाणी काढले आहे, या उल्लेखामुळे वर्ग बदलू नये.

'पुअरली अँड व्हेरी पुअरली ड्रेन्ड' अशा जोडवाक्यांत 'ड्रेन्ड' एकदाच येते आणि पहिला वर्ग निसटतो. अशा वेळी दोन्ही वर्ग नोंदवावेत. सरासरी काढून मधलाच वर्ग देणे मला मान्य नाही. जुन्या अमेरिकी आणि अनेक भारतीय अहवालांत 'इम्परफेक्टली ड्रेन्ड' असा शब्द येतो. तो 'समव्हॉट पुअरली'शी जुळवता येतो, परंतु मूळ शब्द वेगळ्या रकान्यात जपावा.

तपासणीसाठी नमुना निवडताना दुर्मीळ वर्गांतील वर्णने जाणीवपूर्वक अधिक घ्यावीत, कारण सरसकट निवडीत 'वेल ड्रेन्ड'च पुन्हा पुन्हा येते. काढलेल्या प्रत्येक वर्गाशेजारी ज्या वाक्यातून तो घेतला ते वाक्य साठवावे आणि जेथे वाक्यच सापडले नाही तेथे रकाना रिकामा ठेवावा.