बारीक रेघेचा तिरका इंग्लिश फॉन्ट पत्रिकेवर, बॉक्सवर कसा वापरायचा

लग्नसराई आली की आमच्या सांगलीत डीटीपीवाल्याकडं एक मागणी हमखास येते, "इंग्लिश नावं त्या मॅगझिनसारख्या तिरक्या अक्षरात टाका की." त्यांना हवा असतो तो हाय-कॉन्ट्रास्ट इटॅलिक सेरिफ, म्हणजे उभी रेघ जाडजूड, जोडणारी रेघ केसाएवढी, टोकाला छोटी शेंडी आणि अख्खं अक्षर उजवीकडं झुकलेलं. मला हा प्रकार मनापासून आवडतो, पण चुकीच्या जागी टाकला की छापून येईपर्यंत अर्धं अक्षर गायब झालेलं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

इटॅलिक आलं व्हेनिसमधून. आल्डस मानुशियस नावाच्या प्रकाशकानं १५०१ साली खिशात मावतील अशी पुस्तकं छापायला ते वापरलं, ठसे कोरले फ्रान्चेस्को ग्रिफोनं. जाड-बारीक फरक टोकाला गेला तो अठराव्या शतकाच्या शेवटी, पॅरिसच्या दीदो घराण्याकडं आणि इटलीतल्या पार्मात बोडोनीकडं. तोवर कागद गुळगुळीत झाला होता, छपाई सुधारली होती, म्हणून एवढी नाजूक रेघ कागदावर टिकायला लागली. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

फॉन्टसाठी पैसे घालायची गरज नाही. प्लेफेअर डिस्प्ले, बोडोनी मोडा, कॉर्मोरंट हे तिन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि धंद्याच्या कामालाही चालतात. फक्त डाउनलोड करताना इटॅलिकची फाईल वेगळी असते ती घ्यायची, कारण ती नसेल तर काही सॉफ्टवेअर सरळ अक्षरच ढकलून तिरकं करतात आणि ते लगेच कळतं. ओळखायचं कसं, तर स्मॉल 'ए' बघा, खऱ्या इटॅलिकमध्ये तो बहुतेक वेळा हातानं लिहिल्यासारखा एकाच गोलाचा असतो, ढकललेल्यात पुस्तकातल्यासारखा दोन मजलीच राहतो. आणि दोन नावांमधलं 'अँड'चं चिन्ह मोठं करून बघाच, इटॅलिकमध्ये ते इतकं देखणं असतं की मी कित्येक पत्रिकांवर वेलबुट्टी काढून टाकून तेवढंच मोठ्ठं ठेवलंय.

आता साईज, सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. नवरा-नवरीचं नाव, दुकानाचं नाव, मेनूकार्डाचं हेडिंग, एवढ्यालाच हा फॉन्ट. मी स्वतः २४ पॉईंटच्या खाली जात नाही. पत्ता, मुहूर्त, "आपले नम्र" वगैरे साध्या फॉन्टमध्ये. बारीक साईजमध्ये हवाच असेल तर बोडोनी मोडात ऑप्टिकल साईज नावाची सोय आहे, ती ६ ते ९६ पर्यंत सरकते, आकडा खाली आणला की बारीक रेघा आपोआप जाड होतात.

दुसरं म्हणजे रंग. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या बॉक्सचं काम मी केलेलं, चार रंगांतून केलेला मरून बॅकग्राउंड आणि त्यात पांढरं इटॅलिक नाव. स्क्रीनवर एवढं सुंदर दिसत होतं, आणि छापून आलं तेव्हा आजूबाजूची शाई बारीक रेघांत शिरलेली, 'एन'च्या नुसत्या दोन काड्या उरलेल्या. व्यापाऱ्याचं तोंड बघून फार वाईट वाटलं मला. छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते, त्या चार प्लेटा केसभर जरी हलल्या तरी असं होतं. तेव्हापासून हलक्या बॅकग्राउंडवर अक्षर एकाच रंगात, काळं असेल तर फक्त काळ्या प्लेटवर, आणि पांढरं काढायचंच असेल तर बारीक रेघ निदान अर्धा पॉईंट भरते का हे मोजून. खडबडीत हँडमेड कागदावर आणि सोनेरी फॉइलमध्येही रेघ तुटते, आर्ट कार्डवर, म्हणजे गुळगुळीत जाड कागदावर, मस्त येतं. फ्लेक्सचं म्हणाल तर विश्रामबागच्या चौकात गाडीवरून जाताना फक्त जाड काड्या दिसतात, तिथं हा फॉन्ट नकोच.

आकड्यांकडं बघा. प्लेफेअर डिस्प्लेमधले आकडे जुन्या वळणाचे, काही ओळीखाली लोंबणारे, त्यामुळं मोबाईल नंबर वरखाली नाचल्यासारखा दिसतो. सॉफ्टवेअरमधल्या ओपनटाइप सेटिंगमधून (फॉन्टमधली जादा अक्षररूपं निवडायची सोय) लायनिंग, म्हणजे सगळे एकाच उंचीचे, आकडे निवडा नाहीतर नंबर दुसऱ्या फॉन्टमध्ये टाका. आणि अख्खं नाव कॅपिटलमध्ये इटॅलिक करू नका, वाचताना अडखळायला होतं.

मराठीचं काय? कृपा करून देवनागरी तिरकी करू नका. आपल्याकडं इटॅलिकची परंपराच नाही, काना झुकतो, शिरोरेखा आडवीच राहते आणि शब्द पडायला आल्यासारखा वाटतो. इंग्लिशच्या जोडीला मराठीतही तोच थाट हवा असेल तर रोझा वन हा फॉन्ट घ्या, त्यात देवनागरीलाच जाड-बारीक फरक भरपूर आहे, पण तोही मोठ्या साईजलाच. बाकी मजकुराला मुक्ता फॉन्ट, सरळ उभा.

प्रेसला फाईल देण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाका, त्यांच्याकडं तुमचा फॉन्ट नसला तर भलतंच काहीतरी छापून येतं. आणि कर्व्ह करायच्या आधी एक प्रिंट खऱ्या मापात काढून घरातल्या कुणा वयस्कर माणसाला संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली वाचायला द्या. आमच्याकडं हे काम आई करते. तिला नाव एका झटक्यात वाचता आलं तरच मी फाईल पुढं पाठवतो, नाहीतर परत साईज वाढवायला बसतो.