जुनी एमजीबी किंवा स्पिटफायर घेताय? या चुका टाळा

पुण्याहून इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री-गेडनच्या बाजूला नोकरीला आलेल्या पोरांपैकी एखाद्याला हमखास हे वेड लागतं. रविवारी रस्त्यावर उघड्या टपाची दोन सीटची जुनी गाडी दिसते आणि रात्री जाहिराती चाळणं सुरू होतं. जग्वार ई-टाइपचा भाव बघून झाला की गाडी दोन नावांवर येऊन थांबते: ॲबिंग्डनची एमजीबी, नाहीतर कॉव्हेंट्रीतच कॅनलीला बनलेली ट्रायम्फ स्पिटफायर. दोन्ही १९६२ ते १९८० या काळात बनल्या, लाखांनी खपल्या, आणि सुटे भाग आजही मिळतात. गाड्या वाईट नाहीत. घेणारा मात्र गाडी पारखताना रंग आणि क्रोम बघतो आणि ती बिघडली की थेट कार्बोरेटरला हात घालतो. दोन्ही वेळा नजर चुकीच्या जागी असते.

रंगावर भाळू नका, दार बघा

एमजीबीला वेगळी चासी नाही. दाराखाली लांबलचक सिल असते: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि खाली कॅसल रेल मिळून झालेली एक बंद पेटी. टप नसलेल्या गाडीचं निम्मं बळ या पेटीत असतं, आणि गंज लागतो तो आतून. काही विकणारे कुजक्या सिलवरच नवा पत्रा वेल्ड करतात, पुट्टी भरतात आणि रंग मारतात. वरून गाडी नवरीसारखी दिसते.

तपासायला फार काही लागत नाही. दार आणि मागची विंग (मागच्या चाकावरचा पत्रा) यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. मग मालकाला विचारून एका बाजूला जॅक लावा आणि दार उघडून बंद करा. ते घासायला लागलं किंवा लागेनासं झालं, तर गाडी मधोमध वाकते आहे. तिथूनच परत फिरा. खिशात छोटं चुंबक ठेवा, पुट्टीवर ते चिकटत नाही.

सिल बदलायची वेळ आलीच, तर दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड केल्याशिवाय जुना पत्रा कापू देऊ नका. नाहीतर बॉडी खचते आणि त्याच अवस्थेत नवी सिल बसते. १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजची कोरी बॉडी मिळते खरी, पण तिच्या किमतीत एखादी धडधाकट चालती गाडी येते.

स्पिटफायरच्या ट्रनियनमध्ये ग्रीस भरू नका

ही चूक सगळ्यांत महागात पडणारी. स्पिटफायरची चासी आणि पुढचं सस्पेन्शन ट्रायम्फ हेराल्डवरून आलेलं आहे, तीच हेराल्ड जी मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनत होती. पुढच्या चाकाच्या उभ्या लिंकला खाली आटे असतात आणि ते पितळी ट्रनियनमध्ये फिरतात. तिथे ईपी ९० गिअर ऑइल घालायचं असतं. पण ग्रीसगन लागण्यासारखी जागा दिसली की ग्रीस मारायची हौस येतेच. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, कालांतराने घट्ट होतं, पाणी आत राहतं, आटे गंजतात आणि एक दिवस लिंक तुटून चाक आडवं पडतं. बहुधा पार्किंगमध्ये, स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं असताना. नशीब असेल तर पार्किंगमध्येच.

घेण्यापूर्वी आणखी एक बघा. कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि इंजिनच्या पुढच्या पुलीकडे लक्ष ठेवा. ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली, तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते निसटून खाली पडले की क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात. १९७०च्या अखेरीस आलेल्या मार्क फोरच्या आधीच्या गाड्यांत मागचं सस्पेन्शन वेगळं होतं: जोरात वळताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागचं चाक आत दुमडतं. शिकाऊ हाताने मार्क फोर किंवा नंतरची घ्यावी.

गाडी मिसिंग मारतेय? स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा

एसयू कार्बोरेटर एकदा बसला की सहसा हलत नाही. बिघाड इग्निशनचा असतो आणि बदनाम होतो कार्बोरेटर. गाडी थंड असताना छान चालते, तापली की फुर्र फुर्र करून बंद पडते? आधी इग्निशनमधला कंडेन्सर बदला. क्रम ठरलेला आहे: टॅपेट (एमजीबीला थंड इंजिनवर फट ०.०१५ इंच), मग पॉइंट, मग टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. पेडल दाबल्यावर गाडी क्षणभर दम खात असेल, तर कार्बोरेटरच्या डॅशपॉटमधलं ऑइल संपलंय. २० ग्रेडचं घाला. एमजीबीचं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज, १७९८ सीसी. आपल्या जुन्या पेट्रोल ॲम्बॅसडरचं १४८९ सीसी इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे गावाकडच्या जुन्या मिस्त्रीला व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवलात तर तो अर्धं निदान तिथूनच करेल.

एमजीबीत चावी फिरवल्यावर मागून पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू यायला हवी आणि थोड्या वेळाने थांबायला हवी. टिकटिक नाहीच, तर पंपाची अर्थिंग तपासा. थांबतच नाही, तर पेट्रोल संपलंय किंवा कुठेतरी गळती आहे.

या गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या वायरिंगला शिव्या द्यायची इंग्लंडात जुनी पद्धत आहे. मला ती अर्धीच पटते. पन्नास वर्षांच्या गंजलेल्या अर्थिंगचा आणि बुलेट जोडांचा दोष कंपनीच्या माथी जातो. ते जोड घासून स्वच्छ केले तर मंद दिवे बरेचदा उजळतात. १९६७पर्यंतच्या एमजीबीत मात्र पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं; आजचा रेडिओ किंवा फोनचा चार्जर न विचारता जोडला की जळाला.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० झालंय. त्यातल्या इथेनॉलने जुने रबरी पाइप खराब होतात. सुपर ग्रेडचं ई-५ भरा आणि पाइप तरीही बदला. ऑइल २०-डब्ल्यू-५०, नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक नको. पाने इंची घ्या, मिलिमीटरच्या पान्याने नटाची डोकी गोल होतात.

‘टॅक्स नाही, एमओटी (गाडीची वार्षिक सरकारी तपासणी) नाही’ हे जाहिरातीतलं वाक्य गुण म्हणून वाचू नका. चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला ग्रेट ब्रिटनमध्ये ही सूट असतेच. उलट एमओटीचा जुना इतिहास गाडीच्या नंबरावरून सरकारी साइटवर फुकट दिसतो; दरवर्षी ‘सिल गंजलेली’ असा शेरा असेल तर तो तिथे सापडतो.

आणि पैसे देण्याआधी विम्याचा भाव काढा. पंचविशीखालच्या चालकाला बऱ्याच क्लासिक पॉलिसी मिळत नाहीत, काही कंपन्या रोजच्या वापराची दुसरी गाडीही मागतात. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालवता येतं, त्यानंतर ब्रिटिश परीक्षा द्यावी लागते. ती द्यायला मात्र भाड्याची साधी हॅचबॅक घ्या.