खुन्याला घरी बोलवायचं तर

कोथरूडला आमच्या घरी दर शनिवारी सिनेमा असतो. मी गणिताची निवृत्त शिक्षिका, माझी बहीण, भाचा, खालच्या मजल्यावरच्या काकू आणि समोरचं जोडपं, एवढंच मंडळ. गेल्या पावसाळ्यात काकूंनीच फर्माईश केली, "एकदा ते सायकोवाले लाव गं." म्हणजे विकृत मनाच्या माणसांचे सिनेमे. तेव्हापासून चुका करत करत जे जमलं, ते लिहिते.

पहिली चूक चिवड्याची. 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) लावला होता. त्यात पेट्रोल पंपावर एक खुनी तिथल्या म्हाताऱ्या मालकाला नाणं उडवून छापा की काटा विचारतो. पैज कशावर लागली आहे ते मालकाला कळत नाही, आपल्याला कळतं. या सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. खाऊन चुरगळलेलं पाकीट काउंटरवर पडलेलं असतं आणि ते चुर्रचुर्र करत आपलं आपण उलगडत जातं. सगळी भीती त्या एवढ्याशा आवाजात. नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे पाच वाट्यांमधला भाजक्या पोह्यांचा चिवडा कुडुमकुडुम चालला होता. प्रसंग गेला वाया. तेव्हापासून खाणं आधी, सिनेमा नंतर. मध्ये काही हवंच असेल तर केळं. असा प्रसंग आला की पाच मिनिटं पंखाही बंद, मे महिना असला तरी. मोबाइल पोळ्यांच्या डब्यात, झाकण लावून.

सुरुवात कशाने करायची? माझं मत 'एक हसीना थी' (२००४). श्रीराम राघवन हा आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला दिग्दर्शक. सबटायटलं वाचायची कटकट नाही आणि यातला माणूस रक्तपिपासू वगैरे नाही. देखणा आहे, गोड बोलतो आणि स्वतःच्या गुन्ह्यासाठी प्रेमात पडलेल्या मुलीला बिनदिक्कत तुरुंगात पाठवतो. स्थळ म्हणून आला असता तर आम्ही त्याला पोहे केले असते, असं बहीण म्हणाली. ते अगदी खरं आहे.

आता मुख्य युक्ती. अशा सिनेमात खुन्याकडे बघू नका, त्याचं बोलणं जो ऐकतोय त्याच्याकडे बघा. खुन्याचा चेहरा बहुतेक वेळा काही सांगतच नाही, तोच तर त्याचा गुण. पंपावरच्या म्हाताऱ्याचं हसू हळूहळू कसं विरत जातं ते पाहा. 'सायको' (१९६०) मधल्या मोटेलच्या बैठकीत भिंतीवर पेंढा भरलेले पक्षी आहेत, ताटात सँडविच आहे आणि तरुण मालक अगदी आपुलकीने बोलतोय. तुम्ही मात्र पैसे चोरून पळालेल्या मॅरियनवर नजर ठेवा. त्या गप्पा ऐकता ऐकताच तिचं मन पालटतं, परत जाऊन चूक निस्तरायचं ती ठरवते. पहिल्यांदा बघताना हे निसटतं, कारण सगळे न्हाणीघरातल्या खुनाची वाट बघत असतात. (तिथलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे चालून गेलं. हे काकूंना नंतरच सांगा.)

'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) मध्ये दिग्दर्शकाने हीच गोष्ट उलटी केली आहे. कोठडीतला खुनी मनोविकारतज्ज्ञ डॉ. लेक्टर तपासासाठी आलेल्या क्लॅरिसशी बोलताना थेट कॅमेऱ्यात बघतो, म्हणजे ऐकणारे आपणच. जवळजवळ दोन तासांच्या सिनेमात तो पडद्यावर अर्धा तासही नाही, पण ते कोणाला खरं वाटत नाही. इथे टीव्हीपासून लांब बसू नका.

सिनेमा झाला की कोण 'सायको' यावर वाद होणारच. भाच्याने मानसशास्त्र घेतलंय, तो दर वेळी बजावतो की भान सुटलेला माणूस वेगळा आणि भान शाबूत असूनही दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारा, म्हणजे सायकोपॅथ, वेगळा. 'सायको'तला तरुण पहिल्या जातीचा, नाणंवाला दुसऱ्या. बेल्जियमच्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी चारशे सिनेमे तपासले, तेव्हा खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या सायकोपॅथ पात्रांमध्ये हा नाणंवाला होता. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची सायकोपॅथ ओळखायची यादी २० मुद्द्यांची आहे, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, आणि ४० पैकी साधारण ३० च्या पुढे ते निदान. मला गुण द्यायची हौस, म्हणून मी वही काढली. दहा मिनिटांत सोसायटीच्या सेक्रेटरीला २६ मिळाले. वही परत कपाटात गेली. ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे.

एक सिनेमा मी लावत नाही. 'माफीचा साक्षीदार' (१९८६), नाना पाटेकर आहे, वाईट नाही. पण तो पुण्यातल्याच जोशी-अभ्यंकर खून खटल्यावर बेतलेला आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा जणांचे खून, आणि करणारे चित्रकलेचे विद्यार्थी. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडायचे, आजी कडी लावून वर दाराला जड पाट्याचा टेकू द्यायची. काकू तेव्हा भांडारकर रस्त्याजवळ नव्या नवरी होत्या. त्यांनी एकदाच विषय काढला आणि लगेच चहाचं विचारलं. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांच्यासमोर ती गोष्ट शनिवारची करमणूक म्हणून ठेवू नये, असं मला वाटतं. तुमच्याकडे सगळे तरुण असतील तर तुमचं तुम्ही ठरवा.

आठला सुरू करा म्हणजे साडेदहापर्यंत आवरतं. संपल्यावर लगेच दिवे लावू नका, नावं सरकू द्या, मग आलं घातलेला चहा. आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला खाली सोडायला कोणीतरी जा. काकू "काही नको" म्हणतात, तरी भाचा जातो. दार बंद झालं म्हणून लगेच वर यायचं नाही, आतून कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत जिन्यात थांबायचं.