मटण-दूध सोडायच्या आधी बी-१२ ची गोळी आणा

आमचा पुतण्या येत्या श्रावणापासून मटण आणि दूध दोन्ही सोडणार आहे. श्रावण संपला की पुन्हा सुरू, असं नाही. कायमचं. परवा वहिनींचा फोन आला, "भाऊजी, तुमचं झालं तसं पोराचं व्हायला नको." तसं होऊ नये म्हणूनच हे लिहितोय. मी हे एकदा चुकीच्या पद्धतीनं केलं, तिसऱ्या वर्षी आजारी पडलो आणि परत मटणाच्या ताटावर जाऊन बसलो. दुसऱ्यांदा सुरुवात केली ती नीट केली.

सगळ्यात आधी बी-१२. डाळी नंतर, सोयाबीन नंतर. हे जीवनसत्त्व झाडपाल्यात नसतं. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. ही चारही बंद केली की वाटच बंद होते. पालक, मेथी, मोड आलेली मटकी, इडलीचं आंबवलेलं पीठ, कशातही भरवशाचं बी-१२ नाही. स्पिरुलिनाची हिरवी पावडर कुणी हातात ठेवली तर ठेवू द्या, तिच्यात जे असतं ते आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही. गोळीच घ्यावी लागते. ज्या दिवशी सोडाल त्याच दिवशी पहिली गोळी, पुढच्या महिन्यात नाही.

पहिल्या वेळी माझी तयारी कमी नव्हती. हुलगे, मटकी, वरणा यांचे डबे भरले, नाचणी दळून आणली, शेंगदाण्याचं दूध काढायला शिकलो. बी-१२ तेवढं "बघू नंतर" म्हणून राहिलं. आणि हे फार फसवं आहे. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे वर्ष-दोन वर्षं काही जाणवत नाही. मला तर पहिलं वर्षभर अंग हलकं वाटत होतं. मग जीभ चुरचुरायला लागली, दुपारी गळून गेल्यासारखं व्हायचं, तळपायाला मुंग्या. हिमोग्लोबिन तपासलं तर चांगलं आलं, म्हणून निर्धास्त राहिलो. पालेभाज्यांत फोलेट भरपूर असतं. ते रक्त सावरून धरतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. एके दिवशी इथं कोल्हापुरात महाद्वार रोडवरून चाललो होतो आणि मागून एक बाई ओरडल्या, "अवो दादा, चप्पल ऱ्हायली की तुमची!" खाली बघितलं तर उजवा पाय अनवाणी. दहा-बारा पावलं मी तसाच चाललो होतो, तापलेल्या डांबरावर, आणि पायाला कळलंच नव्हतं.

मग तपासणी झाली. बी-१२ चा आकडा शंभराच्याही खाली होता, दोनशेच्या खाली गेला की कमतरता धरतात. इंजेक्शनं घ्यावी लागली आणि मुंग्या पुरत्या जायला सात-आठ महिने लागले. घरातले म्हणाले, "बघ, मटणाशिवाय माणूस टिकत नाही." उत्तर द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं, मी खायला लागलो. दोष मटण सोडण्यात नव्हता, न घेतलेल्या गोळीत होता. फार उशीर केला तर नसा पूर्ण भरून येतीलच असं नाही, म्हणून इतक्यांदा सांगतोय.

तेव्हा सुरुवातीआधी रक्त तपासा, नुसतं हिमोग्लोबिन नाही, बी-१२ चं नाव सांगून. लोह आणि ड जीवनसत्त्वही बघून घ्या. आकडा आधीच कमी असला तर आधी डॉक्टर, मग बाकीचं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर बी-१२ तसंही कमी शोषलं जातं, त्यांनी तर विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्या बाबतीत माझं ऐकू नका, डॉक्टरांचं ऐका. गोळीवर हजार मायक्रोग्रॅम वाचून घाबरू नका. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच असते, पण एका वेळी एवढ्या मोठ्या मात्रेतलं जेमतेम एक टक्क्याच्या आसपास अंगी लागतं, म्हणून आकडा एवढा मोठा. रोज घ्यायची की आठवड्यातून दोनदा, हे डॉक्टर ठरवतील. कॅप्सूल असेल तर तिचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरापासून येतं. साधी दाबलेली गोळी मागा.

आणि जे फक्त मटण सोडून दूध ठेवणार आहेत त्यांनीही "आम्ही दूध घेतो की" म्हणू नये. चहातलं दूध हे दूध नव्हे. दोन-तीन पेले दूध-दही रोज पोटात जात असेल तर ठीक, नाहीतर तुम्हालाही गोळी.

आता दूध. कोल्हापुरात मटण सोडणं एक वेळ सोपं, दूध सोडणं अवघड. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ पेला हातात देतात, तालमीतल्या पोरांचा खुराक त्यावर. मीही त्यावरच वाढलो. पण गोठ्यात मी रेडकू बघितलंय. पारडी, म्हणजे मादी असली तर तिला दूध, नर रेडकू असलं तर दोरी आखडलेली. आचळाला तोंड लावू न दिलेलं एक रेडकू चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्यासमोर आडवं झालं. ते डोळ्यासमोरून गेलं नाही म्हणून मी दूध सोडलं. तुमचं कारण वेगळं असेल, पण कारण पक्कं ठेवा, कारण पहिल्याच आठवड्यात चहा समोर येतो. सोयाचं दूध उकळत्या चहात फाटतं. चहा जरा निवू द्या आणि दूध कोमट करून घाला, किंवा सरळ कोरा प्या. दह्याला शेंगदाण्याचं घट्ट दूध कोमट करून त्यात हिरव्या मिरचीची पाच-सहा देठं टाका आणि उबेला ठेवा. पहिलं विरजण जरा विचित्र लागतं, दुसरं चांगलं जमतं.

कॅल्शियमला नाचणी, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. न सोललेले तीळ. लोहासाठी डाळी-कडधान्यं आणि त्यावर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह अडवतो. गूळ आपल्या इथला कितीही चांगला असला तरी लोहासाठी त्यावर भिस्त ठेवू नका. मीठ आयोडीनचंच, सैंधव नको, कारण दुधातून मिळणारं आयोडीनही आता बंद झालेलं असतं. जवसाची चटणी रोज चमचाभर.

प्रथिनांची चर्चा लोक फार करतात, मला ती कंटाळवाणी वाटते. डाळ, हरभरा, हुलगे, शेंगदाणे पोटभर खा, भागतं. सोयावडीत तर १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. वडी गरम मिठाच्या पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, नाहीतर तिचा उग्र वास रश्शात उतरतो. कडधान्यं एकदम वाढवलीत तर पोट फुगेल, पहिले पंधरा दिवस थोडी थोडी घ्या. आणि उपाशी राहू नका. मटण काढून ताटात नुसती भाजी-भाकरी ठेवली तर रात्री दहाला भूक लागते आणि माणूस फ्रीज उघडतो. कूट घाला, तेल घाला.

रस्सा सोडायचा नाही. तांबड्याची अर्धी चव कांदा-लसूण चटणीत आणि भाजलेल्या खोबऱ्यात-तिळात असते. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, सगळं झाडाचंच, फक्त आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी, तेवढी बदलायची. फ्लॉवर, बटाटा, आलं, लसूण, लवंग, दालचिनी, वेलदोडा पाण्यात अर्धा तास उकळून गाळा, तीच तुमची आळणी. माझ्या आईनं पहिल्यांदा हा पांढरा प्यायला तेव्हा दुसरी वाटी मागितली. म्हणाली काहीच नाही, पण वाटी पुढं केली.

माणसांची तयारी आधी करा. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा, गावाकडची म्हाई, म्हणजे देवीच्या नावानं मटणाचं जेवण, घरोघरी चुली पेटलेल्या असतात. "फोडी नको घेऊस, नुसता रस्सा घे," हे वाक्य तुम्हाला शंभरदा ऐकावं लागेल. वाद घालू नका. आधी फोन करून सांगा, "मामी, मी पिठलं-भाकरी खाईन," आणि एखादा पदार्थ स्वतः करून न्या. आयत्या वेळी ताटावर नाही म्हटलं की बाईला लागतं, ते टाळा. आणि "तोंड पांढरं पडलंय तुझं" म्हणणारे भेटतील. त्यांच्यासाठी उत्तर एकच, बी-१२ चा अहवाल, दर सहा-आठ महिन्यांनी नवा. माझ्याकडे तो नव्हता.

बाहेर खाताना मिसळीचा कट कशात केलाय ते विचारा. अख्खा मसूर मागताना वर लोणी नको म्हणून आधी सांगा. पाकिटावरच्या शाकाहारी हिरव्या ठिपक्यात दूध येतं, तेवढ्यानं भागत नाही, हिरवा व्हीगन शिक्का वेगळा असतो. बेकरीत केक नको, खारी विचारून.

चामड्याची चप्पल, मध, रेशीम, हे सगळं पहिल्याच महिन्यात सोडवायला जाऊ नका, सावकाश बघा. ड जीवनसत्त्वाची नेहमीची डी-३ गोळी बहुधा मेंढीच्या लोकरीपासून येते, लायकेनपासूनची, म्हणजे दगडफुलाच्या जातीपासूनचीही मिळते, ती मागा. प्रवासात फुटाणे-शेंगदाणे. आणि गोळ्यांची पट्टी पिशवीत.

गोळी कपाटात ठेवू नका, विसरते. पुतण्यासाठी मी कालच बी-१२ ची पट्टी आणली आणि वहिनींच्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्याला रबरानं बांधून आलो.