मॉन्स्टेराला शेतातली माती घालताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की मला मेसेज सुरू होतात, मॉन्स्टेराच्या (घरात लावतात तो मोठ्या, कापल्यासारख्या पानांचा वेल) पिवळ्या पानाचा फोटो आणि खाली "खत कुठलं घालू?" अहो खत राहू द्या, आधी कुंडीत दोन इंच बोट घालून बघा, पाणी घालून पाच दिवस झाले तरी आत गिचका असेल तर मुळं गुदमरतायत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "कसदार आहे" म्हणून आणलेली काळी माती. ही मी स्वतः केलीय. मामाच्या बार्शीकडच्या शेतातून पोतंभर आणली आणि चार फुटी मॉन्स्टेरा त्यात लावला. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. आमच्या कुंडीत ती कडेने सुटली, बोटभर फट पडली, वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली ताटलीत, आणि मी खूश की वा, निचरा कसला भारी! मधला गोळा कोरडा ठणठणीत. मग हुशारी केली, रोज दोन तांबे. जुलैत पानं काळी पडली, कुंडी उपडी केली तर गटारीचा वास आणि मुळं हातात सालीसारखी सुटून आली. एक पेर वाचलं.

मॉन्स्टेरा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिकेच्या जंगलातला, झाडावर चढणारा वेल. त्याच्या मुळांना पालापाचोळा आणि हवा लागते, ज्वारीचं रान नाही.

कुंडीत भरायच्या मिश्रणाचं माझं माप मगाने: दोन मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन मग नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), एक गांडूळखत, वर मूठभर नीमपेंड. कोकोपीट दोन-तीनदा धुवून, कारण त्यात बऱ्याचदा खार असतो. मिश्रण ओलं करून मूठ आवळायची, लाडू वळला तर अजून तुकडे घाला, हात उघडल्यावर भुगा व्हायला हवा. "पॉटिंग मिक्स" छापलेली पिशवी पण याच परीक्षेतून काढते मी, बऱ्याच पिशव्यांत नुसतं कोकोपीट आणि खत असतं.

तळाला खडीचा थर घालू नका. बारीक मातीतलं पाणी खडीत पटकन उतरत नाही, वरच अडून बसतं, म्हणजे चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

बांधकामाची बारीक वाळू नको. छोट्या रोपाला एकदम बादलीएवढी कुंडी नको.

आणि नर्सरीतून आणल्या दिवशीच कुंडी बदलायची घाई कसली असते लोकांना? दोन आठवडे बसू दे की त्याला. नंतर मुळांभोवतीचा लाल मातीचा गोळा बादलीभर पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा, ओढाताण नको.

ते वाचलेलं पेर आता पडद्याच्या दांडीला टेकलंय. उरलेली काळी माती गॅलरीत पोत्यातच आहे, तिच्यात गवती चहा लावलाय, मजेत आहे.